पुढे केलेलं मनगट

आमच्या घरात पुरुष पिकवायचे आणि बायका विकायच्या. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, माळ्याच्या घरात ते असतंच. मोर्णा नदीकाठच्या मळ्यात मोट हाकायची, वाफे धरायचे, खुरपायचं, हे बाबांचं काम. माल एकदा टोपलीत पडला की तो मायचा. बाबांना भाव करता येत नसे. गिऱ्हाईक जरा आवाज चढवून बोललं की ते "न्या, न्या" म्हणून मोकळे व्हायचे. माय म्हणायची, "तुमाले बाजारात बसवलं त तुमाले बी कोनी फुकट घेऊन जाईन." बाबा हसायचे. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

मायच्या हाताखाली माझी मोठी बहीण तयार झाली. तिला आम्ही अक्का म्हणायचो. अकोल्याच्या बाजारात मायच्या शेजारी तिची टोपली असायची आणि तिचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा. "शेवंती शिळी आहे काय?" असं कोणी विचारलं की ही म्हणायची, "शिळी तुमची नजर हाये, काका. फुलाले काहून बोलता?" काकाही हसायचे, शेजारची मेथीवालीही हसायची, आणि काका शेवंती घेऊन जायचे. पुण्याकडचं माणूस असतं तर त्याला हे भांडण वाटलं असतं. आमच्याकडे ते बोलणं होतं, दुसरं काही नव्हतं.

त्या बोलण्यामुळेच तिचं लग्न ठरलं होतं. अंजनगाव सुर्जीचे एक केळीबागवाले अकोल्याला घड घेऊन यायचे. त्यांनी बाजारात बाजूला उभं राहून अक्काला माल विकताना पाहिलं आणि सरळ आमच्या मळ्यात येऊन बाबांना म्हणाले, "तुमची पोरगी माह्या पोराले द्या. घरात आमी सगळे मुके. बोलनारी सून पाह्यजे." अक्का त्या दिवशी हवेतच होती. अंजनगावच्या बाजारात आपण कुठं बसायचं, कोणत्या झाडाखाली, हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं होतं. नवरा कसा दिसतो हे विचारायचं मात्र ती विसरली.

फुलं विकण्याची आमची एक रीत होती, ती इथंच सांगते, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यावरून झाला. घरोघरचा रतीब असायचा, फुलपुडीचा. पळसाच्या पानात फुलं ठेवायची आणि वरून केळीच्या सोपटानं, म्हणजे खुंटाच्या सोललेल्या सालीनं, बांधायची. सोपट ओलं करून बांधायचं. ओलं असताना ते रेशमासारखं वळतं, पण वाळलं की आवळतं आणि मग गाठ सुटता सुटत नाही. ही पुडी घरच्या बाईच्या हातात द्यायची, सवाष्ण असली तर एखादी वेणी आपल्या हातानं तिच्या केसांत माळायची. पुरुषमाणूस समोर आलं तर पुडी उंबऱ्यावर ठेवून मागे सरायचं. पुरुषाच्या हातात माळीण फूल देत नाही, बाजारातही ती पुडी समोर ठेवते आणि तो उचलून घेतो. माय सांगायची, हातातून हातात फूल गेलं की लगन लागते. मला टोपलीजवळ बसायला मिळालं त्या पहिल्याच दिवशी तिनं मला हे सांगितलं होतं, भाव सांगायच्या आधी.

तर अशा आमच्या गावात तो बोलपट आला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेलं होतं. मोठे साहेब नागपुरात, आणि मोठी करमणूक मुंबई-पुण्याहून डब्यात भरून यायची. थिएटरच्या बाहेर हातानं रंगवलेला मोठा फलक लागला. त्यावर एक बाई, कमरेवर फुलांची टोपली. बातमी आमच्या वस्तीत वाऱ्यासारखी पसरली की सिनेमाची नायिका माळीण आहे. राण्या, देवी, सावकारांच्या सुना यांचेच सिनेमे आजवर आले होते, आणि आता आमच्यातली! वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे आजोबा, ज्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, ते चावडीवर म्हणाले, "आपल्या लेकीचा सिनेमा हाये बापा. तोरन आपन बांधू." थिएटरचा व्यवस्थापक फुलं विकत घ्यायला आला होता, त्याला त्यांनी पैसे परत केले. सगळ्या मळ्यांतून झेंडू गेला. दारावरचं तोरण ओवलं अक्कानं, आणि फलकावरच्या त्या बाईच्या गळ्यात घालायला शेवंतीचा हारही तिनंच केला. शिडीवर चढून तो घातला बाबांनी. खालून सगळी वस्ती "उजवीकडं, आणखी उजवीकडं" म्हणून ओरडत होती.

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आम्ही हार घातला तिला!

बायकांची बसायची बाजू वेगळी होती. मध्ये पडदा, दिवे गेले की तो सरकवायचे. आम्ही भाजलेल्या शेंगा घेऊन गेलो होतो. आमच्या पुढच्या बाकावर जठारपेठेतल्या वकीलसाहेबांच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे आमचा रतीब मी जन्मायच्या आधीपासूनचा. मायनं त्यांना हाक मारली, त्यांनी वळून आम्हाला पाहिलं आणि म्हणाल्या, "आज तुमचा मान, बाई." माय फुलून गेली.

पडद्यावर माळीण आली तेव्हा आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग हळूहळू शेंगा सोलायचे आवाज कमी झाले. ती माळीण भर दुपारी मोगरा तोडत होती, टोपली कमरेला लावून वाफ्यातून नाचत होती आणि पदर तिच्या खांद्यावर काही केल्या टिकत नव्हता. माझ्या मायचा पदर डोक्यावर अशी टोपली असतानाही ढळायचा नाही. आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘मी जातो’ म्हणतात. ही ‘जाते बाई’ म्हणत मुरडत होती. अक्का माझ्या कानात म्हणाली, "ही फुलं इकून राहिली का सोताले?" मी तेव्हा अकरा वर्षांची, मला ते पुरतं कळलं नाही.

मग बड्या घरचा मुलगा आला. त्यानं मनगट पुढे केलं आणि त्या माळणीनं आपल्या हातानं त्यावर गजरा बांधला. खाली मान घालून बांधला, आणि बांधून झाल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यातून वर पाहिलं. पलीकडून पुरुषांच्या बाजूनं जी शिट्टी उठली, तशी मी जत्रेतही ऐकली नव्हती. लोकांनी पडद्यावर पैसे फेकले. गाणं सुरू झालं, त्यात तेच, मनगट आणि गजरा, पुन्हा पुन्हा. पुढे तो मुलगा बायकोला सोडून हिच्या मागे लागला, त्याची सोन्यासारखी बायको तुळशीपाशी रडली, आणि शेवटी माळणीला उपरती होऊन तिनं विहिरीत उडी घेतली. तिनं उडी घेतली तेव्हा टाळ्या पडल्या. वकिलीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बरं झालं. सुटली बिचारी बायको."

नवऱ्याचं काय? तो घरी गेला. त्याला कोणी काही म्हणालं नाही. त्याच्या मनगटावरचा गजरा कुठं गेला हेही कोणी दाखवलं नाही.

घरी येताना उरलेल्या शेंगा पदरात तशाच होत्या. वाटेत माय म्हणाली, "खोटं हाये थे. नाटक हाये." बाबा म्हणाले, "लोकाइले समजते." बाबांचा लोकांवर फार विश्वास. भाव करता न येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

लोकांना काय समजलं ते आठ दिवसांत दिसलं. बाजारात पोरं गाण्याची चाल गुणगुणत अक्काच्या टोपलीपुढून जायला लागली. मग उभी राहायला लागली. मग एकानं बाही सारून मनगट पुढे केलं. अक्कानं त्याच्यासमोरची फुलं उचलून मागे ठेवली आणि म्हणाली, "मनगटाले काय झालं? मोडलं असन त हाडवैद्याकडं जाय." बाजार हसला. पण दुसऱ्या दिवशी तो दोघं सोबत घेऊन आला, आणि त्या दिवशी बाजार त्यांच्याबरोबर हसला. तेच लोक. शेवंती शिळी आहे का विचारणारे काका तिथंच उभे होते, तेही हसले. इतकी वर्षं अक्का ज्या तोंडानं बोलत होती त्याच तोंडानं बोलत होती, आवाज तोच, शब्द तेच. फक्त आता ऐकणाऱ्यांना त्यात पडद्यावरची बाई ऐकू येत होती. "बोलकी आहे" म्हणायचे तेच "चालू आहे" म्हणायला लागले.

पोरं वाह्यात असतात असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण रविवारी सकाळी मी आणि अक्का जठारपेठेत रतीब घेऊन गेलो. वकीलसाहेब व्हरांड्यात दोन-तीन मित्रांबरोबर चहा घेत बसले होते. या माणसाबद्दल खरं तेच सांगते. मला शाळेत घालायला बाबांना त्यांनीच राजी केलं होतं. सभांमधून ते स्त्रियांच्या उद्धारावर बोलायचे आणि चांगलं बोलायचे. आम्हाला ते देवमाणूस वाटायचे.

अक्कानं पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरली. साहेबांनी हसत हसत कोटाची बाही जरा वर केली आणि मनगट पुढे केलं.

"आज असं नाही," ते म्हणाले. "आज सिनेमातल्यासारखं."

मित्र हसले. मीही हसले असते कदाचित, साहेब थट्टा करतायत असं समजून. पण मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता.

"साहेब, थे फुलं तुमच्या देवाचे हायेत," ती म्हणाली.

"देवाला देऊच. आधी आम्हाला."

"मंग बाईसाहेबाइले बलावतो," अक्का म्हणाली. "त्याइच्यासमोर बांधतो." आणि तिनं खरंच हाक मारली, बाजारातल्या आवाजात, साऱ्या जठारपेठेला ऐकू जाईल अशी.

साहेबांचा हात झटकन मागे गेला. वकिलीणबाई बाहेर आल्या. त्यांनी मित्रांचे पडलेले चेहरे पाहिले, नवऱ्याची वर सरकलेली बाही पाहिली. त्यांना सगळं समजलं, मी शपथेवर सांगते. आणि समजूनसुद्धा त्या वळल्या अक्काकडे.

"उद्यापासून फुलं घेऊन तुझ्या वडिलांना पाठव," त्या म्हणाल्या. "तुमच्या लोकांत काय चालतं ते पाहिलंय मी."

पाहिलंय! कुठं पाहिलंय? पुढच्या बाकावर बसून, डोळे पुसत. माझ्या मायनं त्यांच्या केसांत किती वेण्या माळल्या असतील. त्यांच्या बाळंतपणात ती फुलांबरोबर रोज पालेभाजी घेऊन जायची. इतक्या वर्षांची जिवंत बाई एका बाजूला आणि तीन तासांचं कापड एका बाजूला, आणि कापड जड झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या व्हरांड्यात पाहिलं. दुसऱ्याच आठवड्यात वकीलसाहेबांचं कुठंतरी भाषण होतं. विषय अर्थातच स्त्रियांचा.

दुसऱ्या दिवसापासून टोपली बाबांच्या डोक्यावर आली. जठारपेठेतच नाही, बाजारातही. आमच्या वस्तीतल्या त्याच आजोबांनी, ज्यांनी तोरणाचे पैसे घेतले नव्हते, सगळ्यांना बोलावून सांगितलं की बायकांना आता बाजारात धाडू नका, तरण्या पोरींना तर नाहीच. "दिवस खराब आले," ते म्हणाले. दिवस कोणी खराब केले ते नाही म्हणाले. मनगटं पुढे करणाऱ्यांना कोणी घरात बसवलं नाही. मायनं विचारलंसुद्धा, "पोट्ट्याइले काहून नाई सांगत? आमालेच काहून?" आजोबा म्हणाले, "त्याइले कोन सांगन, बाई?"

बाबा बाजारात बसले. खरं म्हणजे उभे राहिले, कारण बसायचं कसं तेही त्यांना सुचेना. चांगली शेवंती मातीमोल गेली. ज्यांनी पोरीपुढे मनगट केलं होतं त्यांच्याशीच त्यांना आर्जवानं बोलावं लागत होतं. ते संध्याकाळी घरी यायचे आणि मोटेजवळ जाऊन गुमान बसायचे. अक्का दारात उभी राहून त्यांची उरलेली फुलं पाहायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, मले एक डाव जाऊ द्या. माय सोबत येते." बाबा म्हणाले, "अंजनगाववाल्याइनं आयकलं त?"

अंजनगाववाल्यांनी ऐकलंच होतं. सिनेमा तिकडच्या गावांतही तंबूत फिरत होता. अक्काचे होणारे सासरे मळ्यात आले, गूळपाणी घेतलं, आणि आंब्याखाली बसून बाबांना म्हणाले, "लगन मोडाचं नाई आपल्याले. शबद देल्ला हाये. पन पोरगी बाजारात बसनार नाई. ना अकोल्यात, ना आमच्याकडं."

अक्का आत होती. तिनं बाहेर यायला नको होतं, लग्न ठरलेली पोर अशी सासऱ्यासमोर येत नाही. ती आली. डोक्यावर पदर घेतला आणि उभी राहिली.

"मामंजी, तुमी मले कुठं पाह्यलं होतं?"

ते गडबडले. "बाजारात."

"बोलनारी सून पाह्यजे, असं कोन म्हनलं होतं?"

"म्या म्हनलं होतं."

"मंग आता काय झालं? म्या कोनाले काई केलं?"

ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी गूळपाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "तुया काई दोस नाई, पोरी. पन तवा थो सिनेमा आला नोयता."

म्हणजे काय ते मी आजवर स्वतःला समजावून सांगू शकलेले नाही. मोट तीच, मळा तोच, माझी बहीण तीच. मुंबईला कुठंतरी चार पुरुषांनी बसून ठरवलं की माळीण अशी असते. त्यांनी माळीण पाहिली होती की नाही देव जाणे. आणि इकडे मोर्णेच्या काठी एका पोरीच्या डोक्यावरची टोपली उतरली. करमणूक आहे, मनावर घेऊ नये, असं मला पुष्कळ शहाण्यांनी सांगितलं. ज्यांची टोपली उतरली नाही त्यांना हे सांगायला काय जातं?

लग्न झालं. अक्का अंजनगावला गेली. मी शिकत राहिले आणि मास्तरीण व्हायला अमरावतीला आले. तिथं शिकवणाऱ्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी चौकशी केली. मी माळ्याची आहे म्हटल्यावर त्या कौतुकानं म्हणाल्या, "अगं, पण तू तशी वाटत नाहीस." कशी, हे मी विचारलं नाही. त्या स्वतःशीच ती चाल गुणगुणत होत्या.

मी नोकरीला लागल्यावर एका सुट्टीत चांदूर बाजारवरून मोटारीनं अंजनगावला गेले. अक्का केळीच्या बागेत बसली होती, कापलेल्या खुंटांची सोपटं सोलत होती. ती बारीक झाली होती. त्याहून मला जाणवला तो तिचा आवाज. शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतकाच उरला होता. घरात सगळं होतं, खायला-प्यायला, ल्यायला. मेव्हणे शांत माणूस होते, हात उगारणारे नव्हते. बाजार एक गल्ली सोडून लगेच होता, आणि ती त्या बाजारात कधी गेली नव्हती. घड दलाल न्यायचा, देईल तो भाव.

"अक्का, बाजारात बसायचं तू कधी विचारलंच नाहीस का मेव्हण्यांना?" मी म्हटलं.

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "तुले सांगतो, हसू नको. लगन झाल्यावर पयल्याच रातीले यानं काय केलं मालूम हाये? मनगट पुढं केलं."

सासरच्यांनी तिला बाजारातून उठवलं, ते त्या सिनेमाची लाज वाटली म्हणून. आणि त्यांच्याच घरात दार लावून घेतल्यावर हवी होती ती पडद्यावरचीच माळीण. बाजारात असली तर बदनामी आणि घरात असली तर हौस! मला इतका संताप आला की हातातलं सोपट मी तोडून टाकलं.

"आणि तू?"

"बांधला की," अक्का म्हणाली. "नवरा हाये, नाई कशी म्हनू? ओल्या सोपटात बांधला. आपली गाठ मारली, पुडीची."

"ओल्या सोपटात?" मी विचारलं.

"सकायी वाळलं," ती म्हणाली. "हात असा सुजला! सुटे नाई. मामंजींनी इळ्यानं कापलं. सगळ्या घरासमोर."

आम्ही दोघी हसलो. कितीतरी वर्षांनी तिचा तो मोठा आवाज निघाला, बागेच्या पलीकडे कामावरच्या बायकांनी वळून पाहिलं. मग ती थांबली, पदरानं तोंड पुसलं, आणि पुढचा खुंट ओढून घेतला.

"तवापासून मनगट नाई पुढं केलं यानं," ती म्हणाली. "पन बाजार बी नाई देल्ला."